गोवर कसा पसरतो आणि लस वेळेवर का हवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोवराबद्दलचे बहुतेक प्रश्न अंगावर पुरळ दिसल्यावर विचारले जातात. अडचण अशी की तोपर्यंत रुग्णाच्या आसपासच्या बऱ्याच जणांना संसर्ग होऊन गेलेला असतो. म्हणून इथे पुरळ उठण्याआधीच्या दिवसांना आणि लसीला जास्त जागा दिली आहे. मूल आजारी असेल तर डॉक्टरांना दाखवाच, हे वाचून घरच्या घरी निदान करू नका.

गोवर हा त्वचेचा आजार आहे का?

नाही. दिसतो अंगावर, पण मुक्काम श्वसनमार्गात आणि रक्तात असतो. श्वासावाटे आत गेलेला विषाणू आधी फुप्फुसांतल्या संरक्षक पेशींना गाठतो. त्यांच्याबरोबर तो जवळच्या लसिका ग्रंथींत पोहोचतो, तिथे वाढतो आणि रक्तातून शरीरभर जातो. शेवटी तो पुन्हा श्वसनमार्गाच्या अस्तरात येतो आणि तिथून खोकल्याबरोबर बाहेर पडतो. पुरळ उठतं ते आपली प्रतिकारयंत्रणा त्वचेतल्या संसर्ग झालेल्या पेशींवर तुटून पडते म्हणून. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या काही रुग्णांना गोवर होऊनही पुरळ उठत नाही, आणि नेमक्या अशाच रुग्णांची तब्येत जास्त बिघडते.

एका माणसाकडून दुसऱ्याकडे तो जातो कसा?

हवेतून. खोकताना, शिंकताना, बोलताना, अगदी नुसता श्वास सोडतानाही. मोठे थेंब लगेच खाली पडतात, पण अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्या हवेतून दोन तासांपर्यंत संसर्ग होऊ शकतो.

हे ऐकायला अतिशयोक्ती वाटतं, म्हणून एक नोंदलेली घटना सांगतो. १९८१ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, डीकाल्ब काउंटीतल्या एका बालरोग दवाखान्यात १२ वर्षांचा एक मुलगा आला. पुरळ उठून दुसरा दिवस होता, खोकला जोरात होता. तो तिथे तासभर होता. त्याच्यापासून सात मुलांना गोवर झाला. त्यांतल्या चौघांची आणि त्याची गाठ पडली ती प्रतीक्षागृहातून येता-जाता, ओझरती. त्या चौघांतही त्याच्या मीटरभर अंतरात समोरासमोर आलेलं मूल एकच. उरलेली तिघं त्याच्याबरोबर एका खोलीत कधी नव्हतीच. आणि त्या तिघांतलं एक मूल तर तो मुलगा निघून गेल्यावर तासाभराने दवाखान्यात आलं होतं.

‘आमचं मूल आजारी मुलाच्या जवळ गेलंच नव्हतं’ या दिलाशाला गोवराच्या बाबतीत फारसा अर्थ नाही, तो यामुळे. आणि म्हणूनच गोवराची शंका असेल तर थेट दवाखान्यात जाऊन रांगेत बसू नका. आधी फोन करा, कल्पना द्या. वेगळ्या दाराने किंवा वेगळ्या वेळी बोलावतील.

कपडे, भांडी, खेळणी यांच्यातून पसरतो का?

रुग्णाच्या नाकातोंडातला स्राव ताजा लागलेला असेल तर शक्य आहे, कारण पृष्ठभागावरही विषाणू काही वेळ तग धरतो. पण खरा मार्ग हवेचा आहे. भांडी घासत बसण्यापेक्षा खिडक्या उघडणं जास्त कामाचं.

‘एकापासून अठरा जणांना’ असं वाचलं. खरं का?

१२ ते १८ असा अंदाज पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं दिला जातो. त्याचा अर्थ नीट समजून घ्या: ज्या वस्तीत कोणालाच प्रतिकारशक्ती नाही, तिथे एक रुग्ण सरासरी इतक्या जणांना आजार देतो. सहवासात आलेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो होतोच.

१५ धरून हिशेब करून पाहा. गोवराची एक फेरी साधारण पंधरवड्याची. एकाचे पंधरा, पंधरांचे २२५, आणि तिसऱ्या फेरीअखेर नव्या रुग्णांची संख्या ३,३७५. प्रत्यक्षात वाटेत लसवंत माणसं भेटतात, म्हणून आकडा असा फुगत नाही. ती भेटली नाहीत तर मात्र फुगतो.

रुग्ण किती दिवस संसर्ग पसरवत असतो?

पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत.

यातले आधीचे चार दिवस महत्त्वाचे. विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप यायला साधारण १० ते १२ दिवस लागतात आणि पुरळ उठायला सुमारे १४. पण ७ ते २१ दिवसांत कधीही उठू शकतं. सुरुवातीच्या तापाच्या दिवसांत मूल जरा मलूल असतं, नाक गळतं, खोकला असतो. घरच्यांना वाटतं सर्दी झाली. मूल शाळेत जातं, पाहुण्यांत वावरतं, बसने फिरतं. पुरळ दिसल्यावर घरचे सावध होतात आणि त्याला घरात ठेवतात, पण निम्मा काळ हातातून गेलेला असतो. इतर काही आजारांत रुग्णाला लवकर वेगळं ठेवून साथ आटोक्यात आणता येते. गोवरात नुसत्या विलगीकरणाने भागत नाही, याचं कारण हे आधीचे चार दिवस.

सुरुवातीलाच ओळखता येतो का?

खात्रीने नाही, पण शंका घेता येते. चढत जाणारा ताप, कोरडा खोकला, गळणारं नाक आणि लाल, पाणावलेले, उजेड सहन न होणारे डोळे हे चारही एकत्र असतील तर गोवर मनात आणावा. नुसत्या सर्दीत डोळे सहसा इतके लाल होत नाहीत.

एक खूण मात्र खास गोवराचीच. तोंड उघडून टॉर्चच्या उजेडात गालाच्या आतली बाजू, दाढांच्या समोरची, पाहिली तर लालसर अस्तरावर मिठाच्या कणांएवढे निळसर पांढरे ठिपके दिसतात. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री कोप्लिक यांनी १८९६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना कोप्लिकचे ठिपके म्हणतात. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधी ते येतात आणि लवकरच मावळतात. त्यामुळे दिसले नाहीत म्हणून गोवर नाही, असं ठरवू नये.

पुरळ कानामागे आणि केसांच्या कडेला सुरू होतं, चेहऱ्यावर येतं, मग मान, छाती, पोट असं उतरत तीन दिवसांत पायांपर्यंत पोहोचतं. ज्या क्रमाने येतं त्याच क्रमाने मावळतं आणि मागे तपकिरी डाग व कोंड्यासारखी साल सोडतं. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. तिथे हात फिरवून खरबरीतपणा जाणवतो का, ते पाहावं. पाण्याने भरलेले फोड असतील तर तो गोवर नव्हे, कांजिण्या असण्याची शक्यता जास्त. पक्कं निदान रक्ताच्या आणि घशातल्या स्रावाच्या तपासणीने होतं.

आम्हाला सगळ्यांना लहानपणी गोवर झाला. काही झालं नाही. मग आता एवढा बाऊ कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि तो प्रामाणिक असतो. पण ‘काही झालं नाही’ हे सांगायला तेच उरतात ज्यांना काही झालं नाही. ज्या मुलांना झालं ती आज हा प्रश्न विचारायला नाहीत.

१९६३ साली लस आली. त्याआधी जगभरात गोवराने वर्षाला सुमारे २६ लाख मृत्यू होत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एकट्या अमेरिकेत, चांगली रुग्णालयं आणि पोटभर अन्न असताना, दरवर्षी ४८ हजार जण रुग्णालयात दाखल होत आणि ४०० ते ५०० मृत्यू नोंदले जात. गोवर सर्रास होता म्हणून तो साधा वाटला. सर्रास आणि साधा यांत फरक आहे, हे तेव्हाच्या आईबापांना आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. लस आल्यावर रांगा त्यांनीच लावल्या.

गुंतागुंतीचं प्रमाण सांगायचं तर: दहांत एकाला कान फुटण्यापर्यंत जाणारा संसर्ग, जवळपास तितक्यांनाच जुलाब, वीसांत एका मुलाला न्यूमोनिया, हजारांत एकाला मेंदूला सूज. हजार रुग्णांमागे एक ते तीन मुलं दगावतात, तेही उपचार हाताशी असताना. कुपोषण आणि गर्दी असेल तिथे हे प्रमाण कितीतरी वर जातं. अ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या मुलाचे डोळे कायमचे जाऊ शकतात. धोका जास्त कोणाला? पाच वर्षांखालच्या मुलांना, वीस वर्षांवरच्या मोठ्यांना, गर्भवतींना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना. गर्भारपणी गोवर झाला तर गर्भपात, अकाली प्रसूती किंवा कमी वजनाचं बाळ, यांपैकी काहीही होऊ शकतं.

पुरळ गेलं, ताप उतरला. आता संपलं ना?

बहुतेकांचं संपतं. पण दोन गोष्टी मागे राहू शकतात.

पहिली म्हणजे प्रतिकारशक्तीची आठवण पुसली जाणं. पूर्वी झालेल्या आजारांची ओळख ज्या पेशींत साठवलेली असते, त्याच पेशी हा विषाणू धरतो आणि मारतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि गोवरानंतर तपासलं. इतर जंतूंविरुद्धच्या त्यांच्या प्रतिपिंडांपैकी (जंतूंना रोखणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांपैकी) ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. ती परत मिळवायची तर तेच जंतू पुन्हा भेटावे लागतात, म्हणजे पुन्हा आजारपणं. गोवरानंतर मूल ‘सारखं आजारी पडतं’ ही आईची तक्रार मनाची समजूत नसते. लसीने असं होत नाही.

दुसरी गोष्ट दुर्मिळ, पण तिच्यावर इलाज नाही. काही मुलांच्या मेंदूत विषाणू वर्षानुवर्षं दबून राहतो आणि गोवर विसरला गेल्यावर, साधारण सात ते दहा वर्षांनी, डोकं वर काढतो. आधी अभ्यासात मागे पडणं, स्वभाव बदलणं, मग झटके, मग बोलणं-चालणं बंद होणं. या आजाराला एसएसपीई म्हणतात. जवळजवळ प्रत्येक रुग्ण त्यात दगावतो. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना त्याचा धोका सर्वाधिक, म्हणून पहिला डोस लांबवणं महागात पडतं.

गोवरावर औषध काय?

विषाणूला मारणारं खास औषध नाही. ताप उतरवणं, भरपूर पातळ पदार्थ, पोषण, डोळ्यांची आणि तोंडाची स्वच्छता, एवढंच. अँटिबायोटिक न्यूमोनिया किंवा कान फुटण्यासारख्या जिवाणूजन्य गुंतागुंतीसाठी, गोवरासाठी नव्हे. लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

अ जीवनसत्त्वाचा उपयोग मात्र सिद्ध झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक गोवरग्रस्त मुलाला दोन दिवस लागोपाठ एकेक मात्रा द्यायला सांगते: वर्षावरच्यांना २ लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १ लाख, त्याहून लहानाला ५० हजार. हे डॉक्टरांच्या हातूनच व्हावं. गोवर टाळायला म्हणून घरात रोज अ जीवनसत्त्व पाजणाऱ्यांना सांगायला हवं की त्याने गोवर टळत नाही आणि जास्त झालं तर यकृताला इजा होते.

श्वास जोरात चालणं, छाती आत ओढली जाणं, मूल सुस्तावणं, झटका येणं, काहीच न पिणं, डोळ्याच्या बाहुलीवर पांढुरकी झाक येणं: यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका, रुग्णालय गाठा.

पुरळ ‘पूर्ण बाहेर पडू द्यावं’, तोवर औषध देऊ नये, अंघोळ घालू नये, हे बरोबर का?

नाही. औषधाने पुरळ ‘आत जात’ नाही. कोमट पाण्याने अंग पुसलं किंवा अंघोळ घातली तर मुलाला बरंच वाटतं. ताप उतरू न देता वाट पाहण्यात फक्त वेळ जातो, आणि त्या वेळात न्यूमोनिया वाढतो.

एकदा झाला की पुन्हा होतो का?

सहसा नाही. याचा पुरावा जुना आणि सुंदर आहे. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. डेन्मार्कच्या सरकारने पीटर पानुम नावाच्या तरुण डॉक्टरला तिकडे पाठवलं. सुमारे ७,८०० लोकसंख्येपैकी ६ हजारांहून जास्त लोक आजारी पडले. पण १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर होऊन गेला होता, अशा ९८ वृद्धांना पानुम स्वतः भेटले, आणि त्यांतल्या एकालाही पुन्हा गोवर झाला नव्हता. मधे ६५ वर्षं गेली होती. संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत सुमारे दोन आठवडे लागतात, हेही पानुम यांनीच गावोगावच्या तारखा जुळवून दाखवलं.

यावरून कोणी म्हणेल, मग आजार होऊनच जाऊ द्या. आजाराने मिळणाऱ्या संरक्षणाची किंमत वर सांगितली आहे.

लस इतकी जुनी आहे. विषाणू बदलला नसेल का?

१९५४ साली बोस्टनजवळच्या एका शाळेत साथ असताना थॉमस पीबल्स यांनी डेव्हिड एडमन्स्टन या विद्यार्थ्याच्या रक्तातून आणि घशातून नमुने घेतले. जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेत त्यातून विषाणू वाढवला गेला आणि त्यापासून १९६३ ची लस तयार झाली. मॉरिस हिलमन यांनी तो विषाणू आणखी सौम्य केला. ती लस १९६८ मध्ये आली. आजच्या बऱ्याच लसींचं मूळ त्याच मुलाच्या नमुन्यात आहे.

आणि ती अजूनही चालते. फ्लूचा विषाणू आपलं बाह्य रूप बदलत राहतो, म्हणून त्याची लस दरवर्षी नवी. गोवराच्या विषाणूचे उपप्रकार आहेत, पण ज्या भागांवर आपली प्रतिपिंडं बसतात ते भाग त्याला फारसे बदलता येत नाहीत. बदलले तर तो पेशीत शिरूच शकत नाही.

एमआर आणि एमएमआर या लसींत फरक काय?

एमआर म्हणजे गोवर आणि रुबेला, एमएमआरमध्ये गालगुंडही. गोवरापुरतं संरक्षण दोन्हींत सारखंच.

दोन डोस का? पहिला पुरेसा नाही का?

दुसरा डोस म्हणजे पहिल्याला दिलेला जोर, असा सर्वत्र समज आहे. तसं नाही. ज्यांच्यावर पहिला डोस लागू पडला त्यांना दुसऱ्याची फारशी गरजच नसते. पण कोणावर लागू पडला आणि कोणावर नाही हे बाहेरून कळत नाही. बाराव्या महिन्यानंतर दिलेला एक डोस १०० पैकी सुमारे ९३ मुलांना संरक्षण देतो, नवव्या महिन्यात दिलेला सुमारे ८५ ना. उरलेल्यांसाठी दुसरा डोस. दोन्ही मिळून सुमारे ९७ मुलं सुरक्षित होतात.

मग जन्मल्याबरोबरच का देत नाहीत?

आईच्या प्रतिपिंडांमुळे. गर्भात असताना ती बाळाकडे येतात, काही महिने बाळाचं रक्षण करतात आणि त्याच वेळी लसीतला विषाणूही निष्प्रभ करतात. ती ओसरण्याची वाट पाहावी लागते, पण फार वाट पाहिली तर बाळ उघडं पडतं. गोवराचा वावर जास्त असेल तिथे नववा महिना, कमी असेल तिथे बारावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. साथ चालू असेल तर सहाव्या महिन्यातही डोस देतात. तो जादाचा धरतात, पुढचे दोन घ्यावेच लागतात.

साथ रोखायला ९५ टक्के लोक सुरक्षित हवेत म्हणतात. हा आकडा कुठून आला?

एक रुग्ण पंधरा जणांना आजार देऊ शकतो असं धरा. साथ विझायची तर त्याच्याकडून एकापेक्षा कमी जणांना संसर्ग व्हायला हवा, म्हणजे त्या पंधरांतले चौदा सुरक्षित हवेत. चौदा भागिले पंधरा, ९३ टक्के. १८ धरले तर त्याहून थोडं वर. म्हणून लक्ष्य ९५.

यात एक मेख आहे. ही टक्केवारी सुरक्षित झालेल्यांची, सुई टोचून घेतलेल्यांची नव्हे. ९० टक्के मुलांना एकच डोस मिळाला असेल तर सुरक्षित झाले ९० चे ९३ टक्के, म्हणजे सुमारे ८४. कागदावर ९० दिसतं, साथीला ८४ दिसतं.

दुसरी मेख सरासरीची. एका प्रदेशाचा आकडा ९५ असला तरी त्यातल्या एखाद्या वस्तीत, शाळेत तो ७० असू शकतो. न टोचलेली मुलं सहसा विखुरलेली नसतात, एकमेकांच्या शेजारी असतात. गोवर नेमका तिथे शिरतो.

लसीकरण थोडं घसरलं तर खरंच इतका फरक पडतो?

सामोआ या प्रशांत महासागरातल्या बेटराष्ट्राची लोकसंख्या सुमारे दोन लाख. २०१८ साली तिथे एमएमआर दिल्यावर दोन बाळं दगावली. लसीत दोष नव्हता. कोरडी पावडर कालवताना ठरलेल्या द्रवाऐवजी चुकून भूल देताना वापरायचं, स्नायू सैल करणारं औषध घातलं गेलं होतं. पण लोक हादरले, लसीकरण काही महिने थांबवलं गेलं आणि पहिल्या डोसचं प्रमाण एक तृतीयांशाच्याही खाली आलं. २०१९ च्या उत्तरार्धात गोवर शिरला. ५,७०० हून जास्त रुग्ण झाले, ८३ जण गेले, त्यांत बहुसंख्य पाच वर्षांखालची मुलं. दोन मृत्यूंची भीती समजण्यासारखी होती. ती दूर करायला कोणी पुरेसं बोललं नाही, ही खरी चूक.

साथीत लस घेतलेल्यांनाही गोवर झाला, असं वाचलं. मग लसीचा उपयोग काय?

कल्पनेतली एक शाळा घेऊ. हजार मुलं, ९७० जणांनी दोन्ही डोस घेतलेले, ३० जणांनी एकही नाही. गोवर शिरला. न घेतलेल्या ३० पैकी २७ आजारी पडले. घेतलेल्या ९७० पैकी तीन टक्क्यांना लस लागू पडली नव्हती, म्हणजे २९. तेही सगळे आजारी पडले असं धरू. बातमी येईल, ‘५६ रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त लसवंत’. बातमी खोटी नाही. पण न घेतलेल्यांत शंभरातले ९० आजारी, घेतलेल्यांत शंभरातले तीन. विचारायचा आकडा हा. शिवाय लस घेऊनही झालेला गोवर सहसा सौम्य असतो आणि पुढे कमी पसरतो.

लसीचा त्रास काय होतो?

टोचल्या दिवशी हात दुखतो. खरा परिणाम आठवड्याभराने दिसतो, कारण लसीतला दुबळा विषाणू वाढायला वेळ घेतो. सातव्या ते बाराव्या दिवसांच्या दरम्यान काही मुलांना ताप येतो, थोड्यांना फिकट पुरळ उठतं. ते दुसऱ्याला लागत नाही. तीन-चार हजार डोसांमागे एकदा तापातला झटका येतो. पाहताना घाबरायला होतं, पण त्याने कायमची इजा होत नाही. तीस-चाळीस हजारांत एकदा रक्तातल्या प्लेटलेट तात्पुरत्या कमी होतात. तीव्र अ‍ॅलर्जी सुमारे दहा लाखांत एकदा, आणि ती टोचल्यावर लगेचच येते. टोचल्यावर थोडा वेळ तिथेच थांबायला सांगतात ते यासाठी.

ऑटिझमचं काय?

१९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांवरचा एक लेख छापून एमएमआर लसीने ऑटिझम होतो, ही शंका पेरली. त्यातली माहिती फिरवलेली असल्याचं पुढे उघड झालं. २०१० मध्ये नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. २०१९ साली डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्यांत न घेतलेल्यांपेक्षा ऑटिझमचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. ऑटिझमची लक्षणं लक्षात येण्याचं वय आणि लसीचं वय जवळजवळ एकच, म्हणून पालकांना संबंध वाटतो. यावर आणखी शब्द खर्च करायची गरज वाटत नाही.

लस कोणाला देऊ नये?

गर्भवतींना (लसीनंतर महिनाभर गर्भधारणाही टाळावी), प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांना, उदाहरणार्थ केमोथेरपी चालू असलेल्यांना, आणि आधीच्या डोसाची किंवा लसीतल्या जिलेटिन-निओमायसिनची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांना. अंड्याची अ‍ॅलर्जी अडसर नाही. आई अंगावर पाजत असली तरी हरकत नाही. किरकोळ सर्दी, थोडा खोकला, जुलाब, ही लस पुढे ढकलायची कारणं नाहीत. तरी सर्वांत जास्त डोस चुकतात ते याच कारणांनी: आज नाक गळतंय, पुढच्या महिन्यात बघू, आणि पुढचा महिना येतच नाही.

लस थंड का ठेवावी लागते?

ती जिवंत पण दुबळ्या विषाणूची असते. २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये कोरडी पावडर टिकते. द्रवात कालवली की घड्याळ सुरू होतं; उष्णता आणि उजेड दोन्ही तिला लवकर निकामी करतात, म्हणून कुपी गडद काचेची. कालवलेली कुपी सहा तासांत किंवा सत्र संपताना, जे आधी होईल तेव्हा, टाकून देतात. कुपी उघडल्याची वेळ लिहिली आहे का, असं विचारण्यात संकोच नको.

गोवर देवीसारखा कायमचा संपवता येईल का?

येण्यासारखा आहे. तो फक्त माणसात राहतो, प्राण्यांत साठून राहत नाही. त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक, गुरांचा रिंडरपेस्ट, २०११ साली जगातून संपल्याचं जाहीर झालं. पण गोवर चिवट आहे. उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंड २०१६ मध्ये गोवरमुक्त जाहीर झाले, २०१८ मध्ये तो दर्जा गेला, २०२४ मध्ये परत मिळाला आणि २०२५ मध्ये कॅनडातल्या साथीमुळे पुन्हा गेला. २०२३ साली जगभरात अंदाजे १,०७,५०० जण गोवराने मेले.

मी मोठा आहे, लहानपणी लस घेतली की नाही आठवत नाही. कागदही सापडत नाही.

घेतली नाही असं समजा आणि लस घ्या. आधीच प्रतिकारशक्ती असताना जादा डोस घेतल्याने अपाय होत नाही. आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांनी, परदेश प्रवास करणाऱ्यांनी आणि मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रियांनी तर हे आधीच उरकावं. मुलांच्या लसीकरणाच्या कार्डाचा फोटो काढून ठेवा.

काल आम्ही गोवराच्या रुग्णाबरोबर होतो. आता काय करायचं?

आजच हालचाल करा. लस घेतलेली नसेल तर संपर्कापासून ७२ तासांच्या आत घेतलेला डोस आजार टाळू शकतो किंवा सौम्य करू शकतो, कारण लसीला मिळणारं प्रत्युत्तर आजाराच्या आधी तयार होतं. सहा महिन्यांखालची बाळं, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती खूप कमी असलेले यांना लस देता येत नाही. त्यांच्यासाठी, किंवा ७२ तास उलटून गेले असतील तर, सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचा (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचा) पर्याय असतो. तो डॉक्टर ठरवतील. संरक्षण नसलेल्यांनी संपर्कानंतर २१ दिवस गर्दीत जाऊ नये आणि ताप, डोळे, खोकला यांवर लक्ष ठेवावं. इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर ही मुदत २८ दिवसांची, कारण त्याने आजार उशिरा उमटू शकतो. त्यानंतरची लस काही महिने लांबवावी लागते. तारीख तेव्हाच लिहून घ्या.